घाईने पिकलेले स्त्रीबीज

प्रयोगशाळेत गायीची शंभर स्त्रीबीजे परिपक्व होण्यासाठी ठेवली, तर चोवीस तासांनी त्यांपैकी ऐंशी ते नव्वद सूक्ष्मदर्शकाखाली व्यवस्थित परिपक्व झालेली दिसतात. वळूच्या शुक्रजंतूंशी संयोग घडवल्यानंतर त्यांतील बहुतेकांचे विभाजनही सुरू होते. सातव्या दिवशी मात्र गर्भाशयात सोडण्याजोगे भ्रूण मोजायला घेतले, की हाती तीस ते चाळीसच लागतात. पोषक द्रावणे सुधारली, उबवणीची उपकरणे सुधारली, तंत्रज्ञांचा हात बसला. तरी गेल्या तीन दशकांत हा हिशेब फारसा बदललेला नाही. दिसायला पिकलेली निम्म्याहून अधिक स्त्रीबीजे पुढच्या आठवड्यात कोठे आणि का संपतात, हा पशुप्रजनन शास्त्रातील कळीचा प्रश्न आहे.

प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नाही. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय गोकुळ अभियानात देशी आणि संकरित गायींच्या वंशसुधारणेसाठी ‘टेस्ट ट्यूब’ तंत्राला महत्त्वाचे स्थान देण्यात आले आणि खात्रीच्या प्रत्येक गर्भधारणेमागे ५,००० रुपयांचे अनुदान ठेवण्यात आले. अनुदान गर्भधारणेमागे दिले जाते, स्त्रीबीजामागे नव्हे. वाया गेलेल्या प्रत्येक स्त्रीबीजाचा खर्च शेवटी यशस्वी ठरलेल्या वासराच्या किमतीत मिळवला जातो. एका चांगल्या गीर किंवा साहिवाल गायीपासून वर्षाकाठी अनेक वासरे मिळवण्याचे जे चित्र पशुपालकांपुढे उभे केले जाते, ते याच हिशेबावर उभे आहे.

या प्रश्नाचा माग काढताना संशोधक पुन:पुन्हा स्त्रीबीजातील विकरांपाशी, म्हणजेच एन्झाइमांपाशी, येऊन थांबतात. त्यांतही स्त्रीबीजाला पुढे ढकलणाऱ्या विकरांपेक्षा त्याला रोखून धरणाऱ्या विकरांकडे आता अधिक लक्ष वेधले गेले आहे.

जन्माआधीपासूनचा थांबा

गायीच्या अंडाशयातील स्त्रीबीजे ती गाय स्वत: आईच्या पोटात असतानाच तयार होतात. गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे अर्धसूत्री विभाजन तेव्हाच सुरू होते आणि अगदी पहिल्या टप्प्यावर थबकते. कालवड जन्मते, वाढते, वयात येते. स्त्रीबीज मात्र त्याच टप्प्यावर थांबलेले असते. दर एकवीस दिवसांच्या माजाच्या चक्रात अनेक पुटके, म्हणजे द्रवाने भरलेले आणि ज्यांना पशुवैद्य ‘फॉलिकल’ म्हणतात असे फुगे, वाढीला लागतात. त्यांतील एखादेच पूर्ण वाढते आणि त्यातील स्त्रीबीजाला पुढे जाण्याची संधी मिळते. बाकीची विरून जातात. थांबण्याचा हा काळ कित्येक महिन्यांचा किंवा कित्येक वर्षांचाही असू शकतो.

या काळात स्त्रीबीज झोपलेले असते, अशी समजूत बराच काळ होती. ग्रेगरी पिंकस आणि त्यांचे सहकारी एन्झमान यांनी १९३५ मध्ये सशांवर केलेल्या प्रयोगाने तिला पहिला धक्का दिला. त्यांनी स्त्रीबीज पुटकातून बाहेर काढून साध्या पोषक द्रावणात ठेवले. कोणतेही संप्रेरक न देता त्याने आपणहून विभाजन पुन्हा सुरू केले. (हेच पिंकस पुढे गर्भनिरोधक गोळीचे जनक म्हणून ओळखले गेले.) रॉबर्ट एडवर्ड्स यांनी १९६५ मध्ये गाय, मेंढी, डुक्कर, माकड आणि मानव यांच्या स्त्रीबीजांतही हेच घडते, हे दाखवले. मानवी टेस्ट ट्यूब बाळाच्या मार्गावरील हा एक महत्त्वाचा टप्पा होता. त्या कामासाठी एडवर्ड्स यांना २०१० मध्ये नोबेल मिळाले.

या प्रयोगांचा अर्थ असा, की स्त्रीबीजाला कोणी उठवावे लागत नाही. ते पुढे जायला सदैव तयारच असते आणि पुटक त्याला सतत मागे ओढून धरत असते. पुटकातून सुटले, की ते निघाले. प्रयोगशाळेची सोय यातच आहे आणि अडचणही यातच आहे.

लगाम कोणाच्या हाती?

पेशीतील बरीचशी कामे प्रथिनांवर फॉस्फेटचा एक कण चढवून किंवा उतरवून चालू-बंद केली जातात. फॉस्फेट चढवणाऱ्या विकरांना कायनेज आणि उतरवणाऱ्यांना फॉस्फेटेज म्हणतात. या पद्धतीचा शोध लावल्याबद्दल एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांना १९९२ चे नोबेल मिळाले होते. स्त्रीबीजाचा थांबा हा याच पद्धतीचा एक नमुना आहे.

पेशीला विभाजनाकडे नेणारे मुख्य विकर म्हणजे ‘सीडीके१’. ते एकट्याने काही करू शकत नाही. ‘सायक्लिन बी’ या प्रथिनाशी जोडी जमल्यावरच ते कामाचे होते. बेडकाच्या अंड्यांवर काम करताना योशिओ मासुई आणि क्लेमेंट मार्कर्ट यांनी १९७१ मध्ये परिपक्वता घडवून आणणारा एक घटक वर्णिला होता. त्या घटकाची ओळख पटायला पुढे सतरा-अठरा वर्षे लागली. तो घटक म्हणजे हीच जोडी. थांबलेल्या स्त्रीबीजात सीडीके१ असते, पण त्याच्यावर दोन ठिकाणी फॉस्फेट चढवून त्याला बांधून ठेवलेले असते. बांधण्याचे काम ‘वी१’ हे कायनेज करते, सोडवण्याचे काम ‘सीडीसी२५’ हे फॉस्फेटेज. दोघांतील कोण वरचढ ठरते, यावर स्त्रीबीज थांबणार की निघणार हे ठरते.

हा तराजू थांब्याच्या बाजूने झुकवण्याचे काम ‘चक्रीय एएमपी’ हा छोटा रेणू करतो. स्त्रीबीजात त्याचे प्रमाण जास्त असले, की ‘पीकेए’ नावाचे कायनेज जागे राहते. ते वी१ ला बळ देते आणि सीडीसी२५ ला रोखते. चक्रीय एएमपी मुख्यत: स्त्रीबीजातच तयार होते. पण तिथेच ते तोडणारे ‘पीडीई३ए’ हे विकरही असते. मग हे विकर ते सगळे तोडून का टाकत नाही?

या प्रश्नाचे उत्तर स्त्रीबीजात नाही, त्याच्या भोवतालच्या पेशींत आहे. पुटकातील स्त्रीबीज एकटे नसते. ‘क्युम्युलस’ पेशींचा दाट गराडा त्याला वेढून असतो आणि त्या पेशी आपल्या बारीक फांद्या स्त्रीबीजाच्या जाड कवचातून आत घालून त्याच्याशी सूक्ष्म नळ्यांनी जोडलेल्या असतात. या नळ्यांतून ‘चक्रीय जीएमपी’ हा दुसरा रेणू स्त्रीबीजात येतो आणि पीडीई३ए ला काम करू देत नाही. पुटकाच्या भिंतीतील पेशी ‘सीएनपी’ नावाचे एक छोटे प्रथिन सोडतात. ते क्युम्युलस पेशींना चक्रीय जीएमपी बनवायला लावते. ही साखळी २०१० मध्ये प्रथम उंदरांत उलगडली. मिलान विद्यापीठातील गटाने २०१४ मध्ये गायीच्या स्त्रीबीजांतही सीएनपीमुळे विभाजनाची सुरुवात लांबते आणि भोवतालच्या पेशींशी असलेला संवाद टिकून राहतो, असे दाखवले.

एवढे सगळे एका थांब्यासाठी. स्त्रीबीज केवळ थांबवायचे असते, तर निसर्गाने सीडीके१ चे उत्पादनच बंद ठेवले असते. येथे मात्र गाडी सुरू ठेवून ब्रेकवर पाय दाबून धरला आहे. का, ते पुढे कळते.

माजाच्या वेळी काय घडते?

गाय माजावर येते त्याच सुमारास मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एलएच या संप्रेरकाची एक मोठी लाट रक्तात सोडते. ही लाट थेट स्त्रीबीजाला सांगत नाही. पुटकाच्या भिंतीतील पेशी तो निरोप घेतात आणि ‘अँफिरेग्युलिन’सारखी वाढ घडवणारी प्रथिने सोडून क्युम्युलस पेशींपर्यंत पोहोचवतात. ही मधली पायरी २००४ मध्ये उंदरांवरील कामातून स्पष्ट झाली. क्युम्युलस पेशींत मग ‘एमएपीके’ या कायनेजांची साखळी जागी होते, सूक्ष्म नळ्या बंद होऊ लागतात आणि चक्रीय जीएमपीचा पुरवठा आटतो. स्त्रीबीजातील पीडीई३ए मोकळे होते, चक्रीय एएमपी तोडले जाते, पीकेए निवते, सीडीके१ सुटते. केंद्रकाचे आवरण विरघळते आणि विभाजन पुन्हा सुरू होते.

येथे गाय आणि उंदीर यांच्यात एक महत्त्वाचा फरक आहे. उंदराच्या स्त्रीबीजाला या पहिल्या पावलासाठी नवे प्रथिन बनवावे लागत नाही, सगळी सामग्री तयार असते. गाय, मेंढी आणि डुक्कर यांच्या स्त्रीबीजांत मात्र प्रथिननिर्मिती रोखणारे औषध घातले, तर केंद्रकाचे आवरण विरघळतच नाही. म्हणजे गायीच्या स्त्रीबीजाला बंधन सुटल्यावरही काही तास तयारी करावी लागते. उंदरावरचे निष्कर्ष जसेच्या तसे गोठ्यात आणता येत नाहीत, याचे हे नेमके उदाहरण. पशुप्रजननाच्या अभ्यासकांना ही गोष्ट वारंवार सांगावी लागते, कारण या क्षेत्रातील पैसा आणि प्रसिद्धी बहुतांशी उंदरांवरील संशोधनाला मिळते.

एलएचच्या लाटेनंतर सुमारे एक दिवसाने पुटक फुटते आणि स्त्रीबीज बाहेर पडते. तोपर्यंत त्याने निम्मी गुणसूत्रे एका लहानशा पेशीत बाहेर टाकलेली असतात आणि ते दुसऱ्या विभाजनाच्या मध्यावर पुन्हा थांबलेले असते. प्रयोगशाळेतील चोवीस तासही याच वेळापत्रकावर बेतलेले आहेत.

अढीतला आंबा

प्रयोगशाळेत नेमके काय वेगळे होते? अल्ट्रासाउंडच्या मदतीने सुई घालून जिवंत गायीच्या अंडाशयातून स्त्रीबीजे शोषून घेतली जातात. हॉलंडमधील उट्रेख्ट येथे १९८८ मध्ये वर्णिलेल्या या तंत्राला ‘ओपीयू’ म्हणतात. गोवंश हत्याबंदीमुळे महाराष्ट्रात कत्तलखान्यातून गायीची अंडाशये मिळण्याचा मार्ग नाही, तेव्हा आपल्याकडे हेच तंत्र वापरावे लागते. शोषलेली पुटके साधारण दोन ते आठ मिलिमीटरची असतात. गोठ्यात माजावर आलेल्या गायीचे पुटक फुटण्यापूर्वी पंधरा मिलिमीटरच्या आसपास पोहोचलेले असते. म्हणजे सुईने काढलेल्या स्त्रीबीजांपैकी बहुतेकांचे अंडाशयातील शेवटचे काही दिवस हिरावलेले असतात.

सुई बाहेर येताच पुटकाचा लगाम सुटतो. चक्रीय एएमपी घसरू लागते आणि पिंकस यांच्या सशाच्या स्त्रीबीजाप्रमाणे गायीचेही स्त्रीबीज निघते. केंद्रक पुढे जाते, पण त्याच्याभोवतीचा पेशीद्रव मागे राहतो. बाहेरून पिवळा दिसणारा, पण चिरल्यावर आंबट निघणारा अढीतला आंबा ज्याने खाल्ला आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. सूक्ष्मदर्शकाखाली आपण केंद्रकाची परिपक्वता मोजतो. वासरू मात्र पेशीद्रवाच्या परिपक्वतेवर अवलंबून असते.

थांब्याच्या काळात स्त्रीबीज सामग्री साठवत असते. भोवतालच्या पेशी त्याला सूक्ष्म नळ्यांतून ऊर्जेचे आणि बचावाचे रेणू पुरवत असतात. पुढे लागणारी आरएनए स्वरूपातील ‘कृतिपत्रे’ लिहून, बांधून बाजूला ठेवली जातात. गायीचे स्त्रीबीज सुमारे ११० मायक्रोमीटर व्यासाचे झाल्याशिवाय त्याला दुसऱ्या थांब्यापर्यंत पोहोचण्याची पुरेशी क्षमता येत नाही; पूर्ण वाढ होताना ते १२० मायक्रोमीटरच्या घरात जाते. ही शेवटची तयारी चालू असताना गाडी सुरू असणे, म्हणजे क्षणात निघण्याची सज्जता असणे, आवश्यक असते, कारण एलएचची लाट आल्यावर हाती फक्त एक दिवस असतो. ब्रेकवर पाय ठेवण्याचे कारण हे दिसते.

साहजिकच संशोधकांनी प्रयोगशाळेत कृत्रिम ब्रेक लावून पाहिला. ‘रॉस्कोव्हिटिन’ आणि ‘ब्युटिरोलॅक्टोन’ ही द्रव्ये थेट सीडीके१ ला रोखतात. २००० च्या आसपास युरोपातील गटांनी गायीची स्त्रीबीजे त्यांच्या साहाय्याने चोवीस तास थांबवून ठेवली आणि नंतर सोडली. ती नीट परिपक्व झाली, थांब्याने त्यांचे नुकसान झाले नाही. पण ठळक फायदाही दिसला नाही. याचे एक संभाव्य कारण असे, की येथे गाडीचे चाकच बांधून ठेवले होते. भोवतालच्या पेशींशी असलेले नळ्यांचे जोड टिकवले गेले नव्हते. सामग्री येत नसेल, तर नुसते थांबून काय मिळणार?

ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड विद्यापीठाच्या गटाने २०१० मध्ये वेगळा मार्ग घेतला. स्त्रीबीज पुटकातून काढताक्षणीच त्यातील चक्रीय एएमपी औषधांनी वाढवायचे, मग पीडीई३ रोखून ते टिकवायचे आणि नंतर संप्रेरकाच्या जोरावर विभाजन सुरू करायचे. उंदीर आणि गाय या दोहोंतही या पद्धतीने भ्रूणांचे प्रमाण लक्षणीय वाढल्याचे त्यांनी जाहीर केले आणि या क्षेत्रात खळबळ उडाली. पण इतर प्रयोगशाळांना तेवढा लाभ मिळेना. अखेर या कामातील संशोधकांनी २०१५ मध्ये पद्धतीचे फेरमूल्यांकन प्रसिद्ध केले. मूळ कल्पना टिकली. तिचा आकडा टिकला नाही. विज्ञानात असे होते आणि ते उघडपणे मांडले जाते, ही जमेची बाजू. मात्र पहिल्या आकड्यांवर विसंबून ‘नवे तंत्र, दुप्पट वासरे’ असे सांगणाऱ्यांपासून पशुपालकांनी थोडे दूरच राहिलेले बरे.

सध्या सीएनपीसारख्या नैसर्गिक लगामाकडे कल वाढतो आहे. तो चाक बांधत नाही; तो क्युम्युलस पेशींमार्फतच काम करतो आणि संवाद चालू ठेवतो. स्त्रीबीज स्वत:ही गप्प नसते, हेही याच काळात उमगले. ‘जीडीएफ९’ आणि ‘बीएमपी१५’ ही प्रथिने सोडून ते भोवतालच्या पेशींना कसे वागायचे हे सांगत असते. स्त्रीबीजाने सोडलेले हे घटक परिपक्वतेच्या द्रावणात मिसळल्यास गायीच्या भ्रूणांचे प्रमाण सुधारते, हे २००६ मध्ये अ‍ॅडलेडच्याच संशोधकांनी दाखवले होते.

दुसरा थांबा, शुक्रजंतूचे विकर

पुटकातून बाहेर पडलेले स्त्रीबीज दुसऱ्यांदा थांबते, तेव्हा लगाम वेगळ्या हाती असतो. ‘मॉस’ नावाचे कायनेज ‘एमईके’ला आणि ते ‘एमएपीके’ला जागे करते. या साखळीच्या आणि ‘एमी२’ या प्रथिनाच्या बळावर सायक्लिन बी तोडणारी यंत्रणा रोखली जाते. परिणामी सीडीके१ चढेच राहते आणि स्त्रीबीज शुक्रजंतूची वाट पाहत थांबते. पहिल्या थांब्यात सीडीके१ बांधलेले असते, दुसऱ्यात ते मोकाट असते. दोन्ही वेळा पेशी जागच्या जागी. हा विरोधाभास विद्यार्थ्यांना फार गोंधळात टाकतो.

शुक्रजंतू आत शिरताना केवळ पित्याची गुणसूत्रे आणत नाही, एक विकरही आणतो. ‘पीएलसी झीटा’ हे त्याचे नाव. ते २००२ मध्ये ब्रिटनमधील कार्डिफच्या संशोधकांनी शोधले. त्याच्यामुळे स्त्रीबीजातील साठ्यांमधून कॅल्शियम सुटते, पुन्हा भरते, पुन्हा सुटते. अशा लाटा कित्येक तास चालतात. कॅल्शियममुळे आणखी एक कायनेज जागे होऊन एमी२ नष्ट होते, सायक्लिन बी तोडले जाते, सीडीके१ उतरते आणि दुसरे विभाजन पूर्ण होते. एमएपीके त्यानंतर काही तासांनी निवते, तेव्हा कोठे आई-बापांची केंद्रके आकाराला येतात.

या क्रमाचा व्यवहारात उपयोग कसा झाला, हे अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात नील फर्स्ट यांच्या प्रयोगशाळेने १९९४ मध्ये दाखवले. त्यांनी शुक्रजंतूविना, रसायनाने गायीच्या स्त्रीबीजात कॅल्शियमची एकच लाट उठवली आणि पाठोपाठ कायनेजांना रोखणारे ‘डीएमएपी’ हे द्रव्य दिले. नुसती एक लाट पुरेशी ठरत नव्हती, कारण विकरे पुन्हा डोके वर काढत. दोन्हींच्या जोडीने स्त्रीबीज भ्रूणाच्या मार्गाला लागले. पुढे गायींच्या क्लोनिंगमध्ये ही कृती सर्रास वापरली गेली. त्या काळी हे काम निव्वळ कुतूहलाचे वाटले असेल, नाही असे नाही.

पहिले चार दिवस शिदोरीवर

फलनानंतरचे दिवस बाहेरून शांत दिसतात. एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ पेशी होतात. या काळात भ्रूणाची स्वत:ची जनुके जवळजवळ मुकी असतात. जे काही चालते ते आईने स्त्रीबीजात बांधून दिलेल्या शिदोरीवर. उंदराच्या भ्रूणाची जनुके दोन पेशींच्या टप्प्यावर बोलू लागतात, मानवाची चार ते आठ पेशींच्या, गायीची आठ ते सोळा पेशींच्या टप्प्यावर, म्हणजे साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी. सुरुवातीच्या काळात प्रयोगशाळेतील गायीचे भ्रूण नेमके याच टप्प्यावर अडत, ते उगाच नव्हे. शिदोरी संपली आणि घरची चूल अजून पेटली नाही, अशी ती अवस्था.

लेखाच्या आरंभी दिलेल्या हिशेबाचा उलगडा येथे होतो. पहिल्या चोवीस तासांत विकरांचा क्रम बिघडला, तरी स्त्रीबीज परिपक्व दिसते, फलित होते, विभागतेही. त्याची फळे तीन-चार दिवसांनी दिसतात. आयर्लंडमध्ये डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी २००२ मध्ये गायीची स्त्रीबीजे आणि भ्रूण शरीरात व प्रयोगशाळेत आलटून पालटून ठेवून हे वेगळे करून दाखवले. सातव्या दिवशी किती भ्रूण मिळणार हे मुख्यत: स्त्रीबीज कोठे परिपक्व झाले यावर ठरते, मिळालेला भ्रूण किती दणकट असेल, गोठवल्यानंतर टिकेल की नाही, हे फलनानंतर तो कोठे वाढला यावर. या क्षेत्रातील हा निष्कर्ष प्रस्तुत प्रतिनिधीला सर्वांत उपयुक्त वाटतो. भ्रूण कमी मिळतात म्हणून संवर्धनाचे द्रावण बदलत बसणाऱ्यांनी तो डोळ्यांपुढे ठेवावा, असा आहे.

संवर्धनाचा टप्पा दुर्लक्षावा असा मात्र त्याचा अर्थ नव्हे. रक्तद्रव मिसळलेल्या जुन्या द्रावणांत वाढलेल्या काही भ्रूणांतून १९९० च्या दशकात अवाजवी मोठी, जन्मताना गायीचे हाल करणारी वासरे जन्मली. जनुकांवरील रासायनिक खुणा त्या पहिल्या आठवड्यात बदलल्याचा तो परिणाम मानला जातो. त्यानंतर द्रावणे बदलली.

पाचव्या-सहाव्या दिवसापासून भ्रूणाच्या पेशी प्रथमच वेगवेगळ्या वाटांना लागतात. बाहेरच्या पेशी वार बनवणार, आतल्या वासरू. बाहेरच्या पेशींत कायनेजांची ‘हिप्पो’ साखळी शांत असते, आतल्यांत जागी. आतल्या पेशींचीही पुढे आणखी एक वाटणी होते. तीत एमएपीकेची साखळी पुन्हा भाग घेते, पण उंदराइतकी निर्णायक नाही. ती पूर्ण रोखली तरी गायीच्या भ्रूणात दोन्ही प्रकारच्या पेशी उरतात, असे २०१२ मध्ये दिसून आले. सातव्या दिवशी भ्रूण ‘ब्लास्टोसिस्ट’ होतो, आठव्या-नवव्या दिवशी कवच फोडतो आणि पुढच्या आठवड्यात धाग्यासारखा लांबतो. सोळाव्या दिवसाच्या सुमारास तो ‘इंटरफेरॉन टाऊ’ हे प्रथिन भरपूर सोडून गायीच्या शरीराला आपले अस्तित्व कळवतो. निरोप क्षीण असला, तर पीतपिंड विरतो आणि गाय एकविसाव्या दिवशी पुन्हा माजावर येते. गोठ्यात आपण एवढेच म्हणतो, की गाय उलटली.

उन्हाळा आणि रेतनाची वेळ

हे सारे वाचून सामान्य पशुपालकाला प्रश्न पडेल, की टेस्ट ट्यूबशी संबंध नसलेल्या, कृत्रिम रेतनावर भिस्त असलेल्या आमच्या गोठ्याला याचा काय उपयोग? सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा नियम सर्वांना पाठ आहे. अमेरिकेतील नेब्रास्कात १९४० च्या दशकात झालेल्या निरीक्षणांतून तो आला. त्याच्यामागे विकरांचेच घड्याळ आहे. एलएचची लाट माजाच्या प्रारंभीच येते, सुमारे अठ्ठावीस ते तीस तासांनी स्त्रीबीज सुटते आणि त्यानंतर फलनक्षम राहण्याचा त्याचा काळ जेमतेम काही तासांचा असतो. दुसऱ्या थांब्यावरचे स्त्रीबीज फार वेळ ताटकळले, तर एमएपीके आणि सीडीके१ ची पातळी आपोआप उतरू लागते आणि ते शिळे होते. उशिरा रेतन केलेल्या गायीत शुक्रजंतू पोहोचतो, पण शिळ्या स्त्रीबीजापाशी.

उन्हाने हे घड्याळ पुढे पळते. प्रयोगशाळेत गायीची स्त्रीबीजे ३८.५ अंश सेल्सिअसवर ठेवतात. ती पहिले काही तास ४१ अंशांवर ठेवल्यास केंद्रकाची परिपक्वता लवकर पूर्ण होते आणि नेहमीच्या वेळी फलन केल्यास भ्रूण कमी मिळतात. अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठात २००५ च्या सुमारास अशा स्त्रीबीजांचे फलन काही तास आधी करून पाहिले, तेव्हा तुटीचा काही भाग भरून निघाला. प्रयोगशाळेतील या निष्कर्षावरून गोठ्यातील रेतनाची वेळ लगेच बदलावी, असे कोणी सुचवलेले नाही. पण एप्रिल-मे मध्ये पुणे, अहिल्यानगर, सांगली भागांतील होल्स्टिन संकरित गायी अधिक का उलटतात, याचे एक कारण येथे आहे. दुपारच्या उन्हात धापा टाकणाऱ्या गायीच्या पोटात स्त्रीबीज घाईने पिकत असते.

फ्लोरिडातील पीटर हॅन्सन यांच्या गटाने दाखवून दिल्याप्रमाणे भ्रूण पहिल्या एक-दोन दिवसांत उष्णतेला सर्वाधिक नाजूक असतो आणि पुढे तो बराच सोशिक होतो. ब्राह्मण, नेलोर यांसारख्या वशिंड असलेल्या गायींचे भ्रूण होल्स्टिनपेक्षा उष्णता अधिक सोसतात, हेही त्याच कामातून पुढे आले. या जातींचे पूर्वज भारतातून गेलेले. ब्राझीलमध्ये गीर आणि नेलोर गायींपासून एका वेळी होल्स्टिनच्या तुलनेत बरीच अधिक स्त्रीबीजे मिळतात आणि टेस्ट ट्यूब भ्रूणांत तो देश आघाडीवर पोहोचला, त्यात या गायींचा वाटा मोठा आहे. आपल्या देवणी, लाल कंधारी, खिल्लार, डांगी आणि गवळाऊ गायींच्या स्त्रीबीजांतील विकरांचे वेळापत्रक होल्स्टिनपेक्षा किती वेगळे आहे, यावर तेवढे तपशीलवार काम व्हायला हवे. परदेशातून आणलेली चोवीस तासांची कृती त्यांना जशीच्या तशी लावणे म्हणजे पुन्हा दुसऱ्याच्या घड्याळावर चालणे होय.

उन्हाळ्यापुरता एक मार्ग मात्र आजही उपलब्ध आहे. सातव्या दिवसाचा भ्रूण गर्भाशयात सोडला, तर परिपक्वतेचे, फलनाचे आणि पहिल्या विभाजनांचे नाजूक दिवस प्रयोगशाळेच्या थंडाव्यात निघून गेलेले असतात. फ्लोरिडाच्या उन्हाळ्यात दुभत्या होल्स्टिन गायींमध्ये रेतनापेक्षा भ्रूण प्रत्यारोपणाने गर्भधारणेचे प्रमाण अधिक मिळाल्याचे १९८० च्या दशकाच्या अखेरीसच नोंदले गेले आहे. त्यासाठी भ्रूण गोठवून टिकणारा हवा, तो कालवडीत किंवा गायीत नेमक्या सातव्या दिवशी सोडणारा प्रशिक्षित पशुवैद्य तालुक्याच्या ठिकाणी हवा आणि त्याची किंमत एखाद-दुसरी गाय पाळणाऱ्याला परवडायला हवी.